तुम्ही विचारलंत म्हणून : १२१ पराभवांची वही

मंडळाच्या दिवाळीत फराळाच्या रांगेत, पुण्याच्या भाच्याशी फोनवर बोलताना, लॅबमध्ये नव्यानं आलेल्या मुलीबरोबर डबा खाताना, सगळीकडे मला एकच प्रश्न येतो. शब्द तेवढे बदलतात. "मावशी, २०२४ मध्ये तुझी ती बेसबॉलची टीम, व्हाइट सॉक्स, १२१ मॅच हरली, आणि तू तिकिटं काढून बघायला जात होतीस? कशासाठी?" काहीजण पुढे सल्लाही देतात, "शिकागोत दुसरी टीम आहे की. कब्स. ती बघायची."

मी दर वेळी एका वाक्यात विषय संपवते. "सवय झालीये" म्हणते, नाहीतर "ट्रेननं सोपं पडतं" म्हणते. दोन्ही खरं आहे, पण ते काही उत्तर नाही. तुम्ही इतक्यांदा विचारलंत म्हणून आज बसून नीट लिहिते.

आधी आकडे सांगते, कारण बेसबॉल न बघणाऱ्याला १२१ हा आकडा नुसता मोठा वाटतो, केवढा मोठा ते कळत नाही. इथल्या मेजर लीगमध्ये प्रत्येक टीम मार्चअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत १६२ मॅच खेळते. जवळजवळ रोज एक. अनिर्णित असं काही नसतं, नऊ इनिंगनंतर (इनिंग म्हणजे दोन्ही टीमचे तीन-तीन बाद) बरोबरी झाली की निकाल लागेपर्यंत जादा इनिंग. आणि हा खेळ असा की यात चांगल्यातली चांगली टीमही भरपूर हरते. २०२४ मध्ये सगळ्यात जास्त मॅच लॉस एंजेलिस डॉजर्सनी जिंकल्या, पुढे वर्ल्ड सिरीजही, म्हणजे अजिंक्यपदाची लढतही, त्यांनीच जिंकली, आणि तेसुद्धा ६४ मॅच हरले होते. बेसबॉलवाल्यांत म्हणतात की प्रत्येक टीम ६० जिंकते, ६० हरते, काय ते उरलेल्या ४२ मध्ये ठरतं. शिकागो व्हाइट सॉक्सनी त्या वर्षी ४१ जिंकल्या आणि १२१ हरल्या. १९०१ नंतर एका मोसमात एवढ्या मॅच कुणीही हरलेलं नव्हतं. आधीचा आकडा १२० होता, १९६२ च्या न्यूयॉर्क मेट्सचा, पण ती टीम त्याच वर्षी उभी राहिली होती. व्हाइट सॉक्स शंभर वर्षांहून जुनी टीम. २०२१ मध्ये, म्हणजे तीनच वर्षं आधी, ९३ मॅच जिंकून आपल्या गटात पहिली आलेली.

आता माझं सांगते.

माझे वडील, आप्पा, सांगलीत क्लबच्या क्रिकेट मॅचचं स्कोअरिंग करायचे. आठवडाभर कारखान्यात हिशेब आणि रविवारी मैदान. कापडी मांडवाखाली एक लाकडी टेबल, वाऱ्यानं उडू नये म्हणून पानावर दगड ठेवलेली वही, टोक काढलेल्या दोन पेन्सिली आणि खोडरबर. मी आठ-नऊ वर्षांची असेन. त्यांच्या शेजारी बसून ओव्हरमधले बॉल मोजायचं काम माझ्याकडे असे. एकदा मी विचारलं होतं की रन निघालीच नाही तर ते टिंब कशाला द्यायचं, जागा मोकळी सोडली तर काय बिघडलं? आप्पांनी मान वर केली नाही. म्हणाले, "बॉल पडला ना? मग लिहायचं."

१९९७ साली मी शिकागोला आले. हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी लागली. तिथले आमचे सुपरवायझर शहराच्या दक्षिण भागात, व्हाइट सॉक्सच्या मैदानाजवळच लहानाचे मोठे झालेले. २००५ च्या उन्हाळ्यात टीम जोरात होती आणि ते जेवणाच्या सुटीत रेडिओ लावून एका जाड वहीत काहीतरी भरत बसायचे. मी डोकावून बघितलं आणि मला एकदम सांगलीचं टेबल दिसलं. पंधरा मिनिटांत त्यांनी मला सगळं शिकवलं. प्रत्येक बॅटरसाठी एक चौकोन. चौकोनात बारीक रेघेचा एक हिरा, म्हणजे चार बेस. बॅटर जिथपर्यंत पोचला तेवढ्या बाजू गडद करायच्या, आणि तो फिरून होमला परत आला की आख्खा हिरा पेन्सिलीनं भरून टाकायचा. फील्डरना नावांऐवजी आकडे : पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, १, बॅटरच्या मागचा कॅचर २, असं करत सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला शॉर्टस्टॉप ६. बॉल शॉर्टस्टॉपकडून सेकंडला, सेकंडकडून फर्स्टला गेला आणि दोघं बाद झाले की लिहायचं ६-४-३. तीन स्ट्राइक, म्हणजे टप्प्यातले बॉल हुकून किंवा सोडून, बाद झाला की इंग्रजी 'के'. बॅट न हलवता, उभ्याउभ्याच तिसरा स्ट्राइक सोडला असेल तर तोच के उलटा, आरशात दिसतो तसा.

त्या वर्षी व्हाइट सॉक्सनी वर्ल्ड सिरीज जिंकली, १९१७ नंतर पहिल्यांदा. अठ्ठ्याऐंशी वर्षं! सुपरवायझर लॅबमध्ये सेंट्रिफ्यूजशेजारी उभे राहून रडले होते. मला टीम मिळाली ती अशी, वहीतून. त्यामुळे "कब्स बघ की" म्हणणाऱ्यांना मी काय सांगू? कब्सबद्दल माझी काही तक्रार नाही. पण माझ्या कपाटात वीसएक वर्षांच्या वह्या आहेत आणि त्यांत एका टीमची माणसं आहेत. नापसंत पडली म्हणून मधूनच दुसऱ्याच घराचा हिशेब लिहायला घ्यायचा, हे मला जमणारं नाही.

ही टीम एका रात्रीत पडली नाही, हेही सांगायला हवं. २०१६ च्या अखेरीला क्लबनं आपला सगळ्यात मोठा पिचर ख्रिस सेल बॉस्टनला दिला आणि बदल्यात कोवळी पोरं घेतली. हिशेब असा की दोन-तीन वर्षं मुद्दाम मार खायचा, तरणी टीम बांधायची आणि मग दहा वर्षं जिंकत राहायचं. २०२० आणि २०२१ ला तसं होताना दिसलंही. मग दुखापती सुरू झाल्या, राखीव फळीत कुणी तयार नव्हतं, आणि २०२३ मध्ये १०१ पराभव झाले. त्या ऑगस्टमध्ये क्लबनं वरचे दोन अधिकारी काढले आणि आतल्याच ख्रिस गेट्झकडे सूत्रं दिली. २०२४ चा मोसम अगदी तोंडावर आलेला असताना हातात उरलेला चांगला पिचर, डिलन सीझ, सॅन डिएगोला गेला. आणि मोसम सुरू होऊन दोन आठवडे व्हायच्या आत ज्या तिघांवर बॅटिंगची मदार होती ते रॉबर्ट, मोंकाडा आणि हिमेनेझ, तिघंही जायबंदी. १६२ मॅचमध्ये या टीमनं ५०७ धावा केल्या. मॅचला जेमतेम तीन. दिल्या ८१३.

सुपरवायझर आता निवृत्त झालेत. २०२३ संपताच त्यांनी मला बजावून सांगितलं होतं, या मालकाला मी आता एक डॉलरही देणार नाही. मालक १९८१ पासून तेच आहेत. "तू तिकीट काढतेस, पार्किंगचे देतेस, वर तिथे जाऊन खातेस. त्यांना कसं कळणार की लोक चिडलेत?" त्यांचं म्हणणं मला तेव्हाही पटत होतं, आजही पटतं. इथल्या लीगमध्ये शेवटून पहिली आलेली टीम खालच्या लीगमध्ये ढकलली जात नाही. पुढच्या वर्षी तीच टीम, त्याच लीगमध्ये, त्याच तिकिटांना. मालकाला धग लागायची तर ती रिकाम्या खुर्च्यांचीच. मी वर्षभर त्यांच्याशी यावर वाद घातला नाही, कारण माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी पार्किंगचे मात्र वाचवले. रेड लाइनच्या ट्रेननं पस्तिसाव्या रस्त्याच्या स्टेशनवर उतरायचे आणि हायवेवरचा पूल ओलांडून चालत जायचे. रात्री घरी आल्यावर त्यांना फोन करून पान वाचून दाखवायचे. ते बारकाईनं प्रश्न विचारायचे, सातव्या इनिंगला दोघं बेसवर होते तेव्हा बॅटिंगला कोण होता, पिचर किती बॉलनंतर बदलला. मैदानावर न जाता त्यांनी तो मोसम माझ्याइतकाच पाहिला.

पहिलं पान २८ मार्चचं. मार्चअखेरची शिकागोची थंडी, हातमोजा घालून पेन्सिल धरता येत नाही आणि काढला की बोटं वाकत नाहीत. गॅरेट क्रोशे नावाचा उंच डावखुरा पिचर होता. कोपराच्या मोठ्या शस्त्रक्रियेतून परतलेला, आणि मेजर लीगमध्ये मॅचची सुरुवात त्यानं याआधी एकदाही केलेली नव्हती. त्याला थेट मोसमाच्या पहिल्या दिवशी उभा केला. सहा इनिंग, आठ के, एक धाव दिली. आपण डेट्रॉइटकडून १-० नं हरलो. ते पान तुम्ही बघितलंत तर तुम्हाला पराभव दिसणारच नाही, क्रोशेच्या के अक्षरांची रांग दिसेल. मी फोनवर म्हटलं, हरलो, पण एक पिचर सापडला. तो खरंच सापडला होता. वर्षभरात १४६ इनिंगमध्ये २०९ जणांना त्यानं के दिला. मॅचचं जिंकणं-हरणं इथे पिचरच्याही नावावर लिहितात. त्याच्या नावावर विजय मात्र सहाच लागले आणि पराभव बारा.

पहिल्या २५ मॅचपैकी २२ हरल्या. मग एप्रिलच्या शेवटच्या शनिवार-रविवारला टँपा बे रेज आले. चांगली, मुरलेली टीम. आमच्याकडून सलग तीन हरून गेले. का? मी तीनही पानं कितीदा पाहिली, मला कारण सापडलेलं नाही.

मेच्या २३ तारखेचं पान मला सगळ्यात जास्त लागलेलं आहे. ती मॅच मी घरी स्वयंपाकघरात रेडिओवर लिहीत होते. बाल्टिमोर ओरिओल्स ८-४ नं पुढे, शेवटची नववी इनिंग. आमच्यांनी दोन धावा काढल्या, ८-६. दोघं बेसवर, एकच बाद. आमच्या बेनिनटेंडीनं बॉल उंच उडवला, शॉर्टस्टॉपच्या डोक्यावर. इथे एक नियम समजून घ्यायला हवा. फर्स्ट आणि सेकंड बेस भरलेले असताना असा सोपा झेल उडाला तर फील्डर तो मुद्दाम टाकून, बेसमध्ये अडकलेल्या दोघांना बाद करू शकतो. ही लबाडी होऊ नये म्हणून अंपायर बॉल हवेत असतानाच बॅटरला बाद देऊन टाकतो. तसं दिलं. दोन बाद झाले. शॉर्टस्टॉप हेंडरसननं झेल घेतलाही. पण सेकंड बेसकडे परत वळणारा आमचा व्हॉन त्याच्या वाटेत आला, असं ठरवून अंपायरनं व्हॉनलाही बाद दिलं. व्हॉननं त्याला पाहिलंही नव्हतं. तीन बाद. मॅच खलास! एका उडालेल्या बॉलवर दोघं गेले आणि झेल घेणाऱ्याला तर काही त्रासही झालेला नव्हता. असा निर्णय देणं अंपायरवर बंधनकारक नव्हतं, असं लीगकडून क्लबला नंतर कळलं. निकाल तोच राहिला.

त्या चौकोनात काय भरायचं ते मला सुचेना. आकड्यांत बसत नव्हतं. शेवटी मी मराठीत लिहिलं : "व्हॉनला दिसला नाही." ते अजून तसंच आहे.

तुम्ही १२१ म्हणता तेव्हा तुमच्यासाठी ती एकच गोष्ट असते. मला ते जमत नाही. १-० ची थंडीतली मॅच आणि ही मॅच, दोन्ही पराभवच, पण एकमेकींसारखं त्यांच्यात काहीच नाही. एकीत पिचर मिळाला आणि बॅटर कमी पडले. दुसरीत बॅटर उभे राहिले आणि नियमानं पाय ओढला. असे १२१ वेगवेगळे दिवस आहेत. पेपरात शेवटी त्यांची बेरीज छापून आली.

जुलैच्या १० तारखेला एका दिवसात दोन मॅच होत्या, मिनेसोटाबरोबर. पहिली जिंकलो. दुसरी हरलो. आणि त्यानंतर हरतच गेलो. पिट्सबर्ग, कॅन्सस सिटी, टेक्सासला चार, सिएटल, पुन्हा कॅन्सस सिटी, पुन्हा मिनेसोटा, मग ओकलंडची पहिली मॅच. सलग एकवीस. अमेरिकन लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या दोन भागांपैकी आमच्या भागात, एवढी मोठी माळ फक्त १९८८ च्या बाल्टिमोरच्या नावावर होती, तिच्याशी बरोबरी झाली. मधल्या काळात क्लबनं उरल्यासुरल्या चांगल्या खेळाडूंपैकी काहींना दुसऱ्या टीमना देऊन टाकलं. एक दिवस लॉकरवर नाव आहे, दुसऱ्या दिवशी नाही. माझ्या वहीतल्या बॅटिंगच्या यादीत दर आठवड्याला नवी नावं. मैदानावर माझ्या पुढच्या रांगेतला एक मुलगा वडिलांना विचारत होता, हा कोण? वडिलांनाही माहीत नव्हतं. मी वही पुढे करून नाव दाखवलं.

६ ऑगस्टला टीम ओकलंडला होती. तिथल्या टीमचंही ते ओकलंडमधलं शेवटचं वर्ष, मोसम संपला की त्यांचं ते जुनं मैदान सुटणार होतं. शिकागोत रात्रीचे पावणेनऊ वाजत आलेले, मला सकाळी सहाची ड्यूटी. जोनाथन कॅनन या नवख्या पिचरनं सहा इनिंग ओढून नेल्या. आपण ५-१ नं पुढे. शेवटच्या इनिंगला मी पेन्सिल खाली ठेवून दोन्ही हात टेबलावर दाबून बसले होते, कारण हात थरथरत होते. एका अशा मॅचसाठी, जिच्यामुळे तक्त्यात काहीही बदलणार नव्हतं. तिसरा बाद झाला. मी लिहिलं. फोन वाजला तेव्हा साडेअकरा होत आले होते. सुपरवायझर काही बोललेच नाहीत, नुसते हसत होते. दोन दिवसांनी मॅनेजर पेड्रो ग्रिफोल यांना काढलं आणि मोसमापुरता कारभार ग्रेडी साइझमोरकडे दिला.

पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर क्रोशेत किंवा ओकलंडच्या रात्रीत नाही. ते ख्रिस फ्लेक्सनमध्ये आहे.

फ्लेक्सनचं नाव तुम्ही ऐकलेलं नसणार. २०२० चं एक वर्ष तो कोरियात खेळून आला, २०२१ मध्ये सिएटलसाठी चौदा मॅच जिंकला, मग घसरत गेला. व्हाइट सॉक्सनी त्याला एका वर्षासाठी घेतला. वेग फार नाही, बॉल फार वळत नाही. पण पिचरची पाळी दर पाच-सहा दिवसांनी येते आणि त्याची पाळी आली की तो उभा असायचा. मोसमात तीसदा त्यानं मॅचची सुरुवात केली. टीममध्ये सगळ्यात जास्त इनिंग त्याच्या, १६०. क्रोशेपेक्षाही जास्त. आणि हिशेब काय, तर विजय ३, पराभव १५. उन्हाळाभर त्याच्या नावावर एकही विजय नाही.

एका पानाबद्दल सांगते. ऑगस्टमधली रात्र, वरच्या मजल्यावर आम्ही तुरळक माणसं. पहिल्याच इनिंगला त्यानं धावा दिल्या. समोरच्या टीमचे हिरे माझ्या पानावर एकापाठोपाठ एक काळे होत होते. तो पिचरच्या मातीच्या टेकडीवरून खाली उतरला, हातावर भुकटी घेतली, टोपी काढून कपाळ पुसलं, पुन्हा वर चढला आणि कॅचरकडे बघून मान हलवली. एवढंच. मग पुढचा बॉल. पाचव्या इनिंगपर्यंत तो तिथे होता आणि मधल्या दोन इनिंगमध्ये सहाच्या सहा जण त्यानं ओळीनं बाद केले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण तोवर मॅच हातची गेलेली होती. माझ्या वहीत ते सहा चौकोन आहेत. मी लॅबमध्ये रोज शेकडो नमुने तपासते. त्यातले बहुतेक नॉर्मल येतात, त्यांच्याबद्दल कुणी कधी काही म्हणत नाही, आणि प्रत्येकाची नोंद तरी करावीच लागते. त्या सहा जणांची नोंद कुणीतरी करायला हवी होती असं मला त्या रात्री फार वाटलं. बॉल पडला होता.

म्हणून जात होते. एवढंच उत्तर आहे, पण ते फराळाच्या रांगेत सांगता येत नाही.

हरून निदान काही पदरात पडतं का, असंही भाच्यानं विचारलं होतं. सर्वांत वाईट टीमला नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिला नंबर मिळतो ना? पूर्वी मिळायचा. आता त्यासाठी चिठ्ठ्या काढतात, आणि मोठ्या शहरातल्या टीमना लागोपाठ दोन वर्षं त्या सोडतीत बसता येत नाही. व्हाइट सॉक्सना २०२४ ला पाचवा नंबर मिळालेला. त्यामुळे १२१ मॅच हरूनही २०२५ ला त्यांना दहाव्याच्या आधीचा नंबर मिळणं शक्यच नव्हतं. त्या खेळाडूंना हे माहीत होतं. जिंकून तक्त्यात वर जायचं नव्हतं, हरून वरची निवड मिळायची नव्हती. तरी दुसऱ्या बेसवर निकी लोपेझ मातीत आडवा होऊन बॉल अडवायचा. तो इथल्याच नेपरव्हिलचा. मंडळातली निम्मी घरं त्या गावात आहेत. तुमच्या मुलांच्या शाळांच्या आसपास वाढलेला पोरगा आहे तो, हे मी मंडळात सांगते तेव्हा लोकांना खरं वाटत नाही.

आणि खाण्याचं विचारणाऱ्यांसाठी : हो, त्या मैदानावर मक्याचं कणीस मिळतं. मेक्सिकन पद्धतीचं, एलोते म्हणतात. समोर दाणे सोलून वाटीत देतात, वर लोणी, लिंबू, तिखट आणि चीज. चीज मी घेत नाही. लिंबू-तिखटाचा तो पहिला घास घेतला की मी कुठे आहे हे क्षणभर सांगता येत नाही.

सप्टेंबरच्या २२ तारखेला सॅन डिएगोत १२० वा पराभव झाला. मेट्सशी बरोबरी. आता पुढची मॅच घरी, मंगळवारी २४ तारखेला, एंजल्सशी. त्या दिवशी दुपारी सुपरवायझरांचा फोन आला. "मी येतोय." वर्षभर पाळलेला बहिष्कार त्यांनी त्या एका रात्रीसाठी मोडला. २००५ ची टोपी घालून आले. मैदानात शिरण्याआधी मला पार्किंगच्या जागेत घेऊन गेले. तिथे जमिनीत एक पाटी बसवलेली आहे, जुन्या कोमिस्की पार्क मैदानाची होम प्लेट, बॅटर उभा राहतो ती, जिथे होती ती जागा. जुनं मैदान १९९१ मध्ये पाडलं. ते तिथे दोन मिनिटं उभे राहिले. वडील त्यांना पहिल्यांदा मॅचला घेऊन आले होते ते इथेच. मी काही विचारलं नाही.

आत गर्दी होती, नेहमीपेक्षा कितीतरी जास्त. विक्रम होताना बघायला लोक आले होते. मधूनमधून सगळे मिळून ओरडत होते, "टीम विका, टीम विका." सुपरवायझर आमच्या रांगेत सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होते, मानेच्या शिरा ताणून. सत्तरी ओलांडलेला माणूस. एंजल्स २-० नं पुढे. सातवी इनिंग संपली. मी वहीत एकविसावा आमचा बाद लिहिला.

आठव्या इनिंगच्या सुरुवातीला ते म्हणाले, "दे इकडे." मी वही त्यांच्या मांडीवर ठेवली. आमची बॅटिंग आली. एक जण बेसवर गेला, मग दुसरा. धाव आली, मग बरोबरी. मग तोच बेनिनटेंडी, मेच्या त्या झेलवाला. त्यानं बॉल मारला आणि तिसरी धाव आली. ३-२. जे लोक पराभव बघायला आले होते ते सगळे उभे राहून ओरडत होते. सुपरवायझरही उभे. एका हातात वही छातीशी धरलेली, दुसऱ्या हातात पेन्सिल, आणि ती पेन्सिल ते हवेत नाचवत होते. मघाशी "टीम विका" ओरडले तेही मनापासून आणि आत्ता ओरडत होते तेही मनापासून. खाली बसल्यावर त्यांनी तीन हिरे भरले. फार जोर देऊन भरले, कागदाच्या मागच्या बाजूला उमटलेत. त्या पानावर दोन हस्ताक्षरं आहेत.

दुसऱ्या दिवशी दहाव्या इनिंगला ४-३ नं जिंकलो. गुरुवारी, घरच्या शेवटच्या मॅचला, पाळी फ्लेक्सनची होती. सातव्या इनिंगपर्यंत तो टिकला आणि त्यानं एकही धाव दिली नाही. ७-० नं जिंकलो. तो परत जायला निघाला तेव्हा लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मी लॅबमध्ये होते, दुपारची मॅच, कानात इअरफोन. टाळ्या ऐकू आल्या. घरी येऊन ते पान पहाटेपर्यंत जागून पूर्ण केलं.

शुक्रवारी २७ तारखेला डेट्रॉइटमध्ये ४-१ नं हरलो आणि १२१ चा आकडा लागला. त्याच मॅचनं डेट्रॉइटची टीम दहा वर्षांनी प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांत, गेली, त्यामुळे टीव्हीवर सगळा जल्लोष त्यांचा होता. दुसऱ्या दिवशी पेपरात, बातम्यांत, मंडळाच्या ग्रुपवर, सगळीकडे तो एकच आकडा. मोसम संपला असंच सगळ्यांनी धरलं.

मोसम संपला नव्हता. शनिवारी आणि रविवारी अजून दोन मॅच होत्या, त्याच मैदानावर, त्याच डेट्रॉइटशी. शनिवारी आपण ४-० नं जिंकलो. रविवारी ९-५ नं. मला ज्यांनी ज्यांनी प्रश्न विचारला त्यांच्यापैकी कुणालाही या दोन मॅच माहीत नव्हत्या. दोन्ही पानं माझ्याकडे आहेत. घरी आलात की दाखवेन. रविवारच्या पानावर आमच्या बाजूचे नऊ हिरे पूर्ण काळे आहेत, आणि शेवटच्या चौकोनाखाली मी वेळ घालायची विसरले आहे, कारण लगेच सुपरवायझरांना फोन लावायचा होता.